अग्निशमन दलाच्या पेन्शन फंडात तूट, रोख्यांच्या प्रस्तावाला हो म्हणावं का? सल्ला हवा

धूरवाट:
मी 22 वर्षं दलात आहे, संघटनेच्या पेन्शन समितीवर नुकताच आलोय. आमच्या फंडात मोठी तूट आहे. प्रशासन म्हणतंय, रोखे काढून एकरकमी पैसा उभारू, तो फंडातून बाजारात गुंतवू, व्याजापेक्षा परतावा जास्त मिळेल आणि तूट भरून निघेल. पुढच्या महिन्यात आम्हाला मत कळवायचंय. हे हिशेब जवळून पाहिलेल्यांनी कृपया सांगा. नाही म्हटलं तर बदल्यात काय मागावं?

बेरीजवजाबाकी:
माझं कामच पेन्शन फंडांच्या हिशेबाचं आहे. माझा सल्ला: एवढ्यात हो म्हणू नका. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहराने 2007 साली याच कारणासाठी सुमारे 12.5 कोटी डॉलरचे रोखे काढले. लगेच बाजार कोसळला. गुंतवणूक घटली, कर्ज मात्र तेवढंच राहिलं, आणि 2012 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. कारणं इतरही होती, पण या रोख्यांनी ओझं वाढवलं हे नक्की.

त्याआधी एक गोष्ट तपासा. ॲक्चुअरीने (पुढे किती पेन्शन द्यावी लागेल त्याचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ) सांगितलेली वार्षिक रक्कम शहराने गेल्या 10 वर्षांत दरवर्षी पूर्ण भरली का? तूट बहुतेकदा इथेच साचत जाते. अलाबामातल्या प्रिचर्ड शहराला 2004 मध्येच इशारा मिळाला होता की 2009 पर्यंत फंड आटेल. तो आटलाच, आणि निवृत्तांचे चेक थांबले.

शिवाय परतावा किती धरलाय तेही बघा. 25 वर्षांनी 100 रुपये द्यायचे असतील तर 8 टक्क्यांच्या हिशेबाने आज साधारण 15 लागतात, 6 टक्क्यांच्या हिशेबाने 23. म्हणजे धरलेल्या परताव्याचा नुसता आकडा वाढवून तूट कागदावर कमी दाखवता येते. आधी हा आकडा खाली आणायला लावा.

शिडीवाला:
मी निवृत्त आहे. आपल्या बाजूचंही बोलतो, कारण ते टाळणं मला पटत नाही. डॅलसमध्ये पोलीस आणि अग्निशामकांची एक योजना होती: निवृत्तीला पात्र झाल्यावरही नोकरी चालू ठेवायची, पेन्शन खात्यात साठू द्यायची. तिच्यावर कित्येक वर्षं 8 टक्के आणि त्याहून जास्त हमी व्याज दिलं गेलं. त्यात फंडाच्या जमीनजुमल्यातल्या गुंतवणुकी फसल्या. 2016 मध्ये लोक घाबरले, काही महिन्यांत 50 कोटी डॉलरहून जास्त काढून घेतले, शेवटी पैसे काढणं थांबवावं लागलं. कुणी तसली हमी देऊ केली तर ती कशाच्या जोरावर, हे संघटनेनेच विचारायला हवं.

ओलीचिंब:
पर्यायांबद्दल. फ्लोरिडात मालमत्ता विम्याच्या हप्त्यांवर 1.85 टक्के कर लावून तो अग्निशामकांच्या पेन्शनला देतात. मला हे फार योग्य वाटतं, कारण आग आटोक्यात राहिली की विमा कंपन्यांचंही नुकसान वाचतं. फंड लहान असेल तर इलिनॉयसारखं करता येईल. 2019 च्या कायद्याने तिथल्या सुमारे 300 लहान अग्निशमन फंडांची गुंतवणूक एकत्र आणली. लाभाचे निर्णय मात्र स्थानिक मंडळांकडेच राहिले.

धूरवाट:
जुने अहवाल काढले. 10 पैकी 6 वर्षं शहराने कमी भरणा केलाय. दलात कुणालाच हे माहीत नव्हतं, मला तर रात्रभर झोप लागली नाही. आता प्रशासन म्हणतंय की नव्या भरतीच्या मुलांचं निवृत्तीचं वय वाढवू, म्हणजे खर्च कमी होईल. यावर काय उत्तर द्यावं?

शिडीवाला:
वय वाढवायचं तर साठीतला माणूस पाठीवर सिलिंडर घेऊन जिने चढणार का, की त्याला बसून करायचं काम देणार, हे लेखी मागा. काहीच नसेल तर तो अपंगत्व पेन्शनवर जाईल आणि बोजा फंडावरच येईल. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामात धूर-रसायनांशी येणारा संपर्क कर्करोगकारक ठरवलाय. आजारपणाचा आणि कुटुंब पेन्शनचा खर्च ॲक्चुअरीच्या हिशेबात वेगळा दाखवायला लावा.

बेरीजवजाबाकी:
ती 6 वर्षं हाच तुमचा मुख्य मुद्दा. थकलेली रक्कम व्याजासह ठरावीक वर्षांत भरण्याचं वेळापत्रक मागा, आणि पुढची वार्षिक रक्कम अर्थसंकल्पात कापता येणार नाही अशी कायदेशीर तरतूद. रोख्यांची चर्चा त्यानंतर. आणि ॲक्चुअरी प्रशासनाने नेमलेला असेल तर संघटनेच्या खर्चाने दुसऱ्याकडून हिशेब तपासून घ्या. अहवालातली गृहीतकांची पानं इथे टाकलीत तर मी बघून देतो.