गावातून थेट मुंबईला जाणारी मुक्कामी एसटी बंद: पुन्हा सुरू करायला नेमकं काय मागावं?

शेवटचा_थांबा:
कोकणातलं खाडीपट्ट्यातलं गाव. तालुक्याचं आगार ३२ किमी, तिथून मुंबई साधारण ३०० किमी, रेल्वे स्टेशन गैरसोयीचं. मुंबईची गाडी रात्री आठला गावात येऊन वस्ती करायची आणि पहाटे साडेपाचला परत निघायची. आता ती तालुक्यालाच थांबते आणि पावणेसातला तिथूनच सुटते. गावातून तालुक्याला जाणारी पहिली गाडी आठला पोचते, म्हणजे जोड मिळतच नाही. ग्रामपंचायतीच्या अर्जाला एका ओळीचं उत्तर आलं: भारमान कमी असल्याने फेरी बंद.

तीन प्रश्न आहेत. भारमान कमी म्हणजे नेमकं कुठलं? पुढचा अर्ज कुणाकडे आणि कसा करायचा? आणि एसटी येणारच नसेल तर गावाने मिळून खाजगी गाडी चालवता येते का?

वेबिल:
पहिल्या प्रश्नातच सगळं आहे, म्हणून त्याला जास्त जागा घेतो.

भारमान म्हणजे गाडीने चालवलेल्या आसन-किलोमीटरपैकी किती विकले गेले. ४४ आसनांची साधी गाडी धरा. गाव ते तालुका या ३२ किमीत बारा माणसं, म्हणजे भारमान २७ टक्के. तालुका ते मुंबई सरासरी २६ माणसं. पूर्ण ३३२ किमीचं भारमान काढलं तर ५६ टक्के येतं. गाव ते तालुका हे शेपूट कापलं की कागदावर ते ५९ टक्के दिसतं, आणि वरच्या कार्यालयाला वाटतं फेरी सुधारली.

पण गावातले ते बारा जण पुढच्या २६ मध्येही आहेत ना! ते सगळे मुंबईपर्यंतचे धरा. जोड तुटल्यावर त्यातले निम्मे जरी दुसऱ्या वाहनाने गेले तरी मुंबईपर्यंतची सरासरी वीसवर येते आणि भारमान ४५ टक्के. मग पुढच्या वर्षी तालुक्याहून सुटणारी गाडीही 'भारमान कमी'च्या यादीत जाते. लांब पल्ल्याच्या गाड्या अशाच शेपटीकडून मरत जातात.

आता पैशात. २५ जानेवारी २०२५ पासून साध्या गाडीचं भाडं सहा किमीच्या टप्प्याला १०.०५ रुपये, म्हणजे किमीला सुमारे १.६७ रुपये. गाव ते तालुका बारा जणांचे साधारण ६४० रुपये. तुटलेल्या सहा जणांचं पुढच्या ३०० किमीचं भाडं तीन हजारांवर. म्हणजे एका बाजूचं नुकसान साडेतीन हजारांच्या पुढे. वाचलं काय? लिटरला साडेचार किमी आणि डिझेल ९० रुपये धरलं तर ३२ किमीचं डिझेल ६४० रुपयांचं. टायर, पगार, झीज वेगळी, पण चालक-वाहकांचा पगार शेपूट कापून फारसा वाचत नाही.

अर्जात हे गणित तुमच्या आकड्यांनी मांडा. 'गावाची गैरसोय होते' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, ते कुणी वाचत नाही.

वेबिल:
दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. आधी माहिती, मग मागणी. माहिती अधिकाराचा अर्ज विभागीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात ही अट आहे आणि त्यावर बोट ठेवून अर्ज परत येऊ शकतो. मागायचं एवढंच: बंद होण्याआधीच्या बारा महिन्यांत त्या फेरीच्या नियोजित फेऱ्या किती, प्रत्यक्ष धावल्या किती, रद्द झाल्या त्याची कारणं, महिनावार उत्पन्न, आणि तिकीट यंत्रातली टप्पानिहाय प्रवासी संख्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प.

उत्तर आल्यावर दोन गोष्टी तपासा. एक, उत्पन्नात सवलतीची प्रतिपूर्ती धरली आहे का. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. उरलेली रक्कम सरकार महामंडळाला देतं. ती सोडून नुसती रोकड मोजली तर बायका आणि म्हाताऱ्या माणसांच्या गावची गाडी कायम तोट्यातच दिसणार. दोन, गावाचा थांबा आरक्षणाच्या यादीत होता का. नसेल तर लोक तालुक्यापासूनचं आरक्षण काढून गावात चढतात, गाव ते तालुका टप्प्याचे पैसे वेगळे कंडक्टरला देतात आणि आरक्षणाच्या तक्त्यात गावाच्या नावापुढे शून्य येतं.

घाटवळण:
गणित बरोबर आहे, पण भारमान हे बरेचदा सांगायचं कारण असतं. खरी अडचण माणसांची आणि गाड्यांची. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ प्रमाणे (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) दिवसाचं काम आठ तास, लांब पल्ल्याला परवानगीने दहापर्यंत, आणि सुरुवातीपासून सुट्टीपर्यंतचा पसारा बारा तासांच्या आत असायचा. गाव ते मुंबई ३३२ किमी, घाट आणि महामार्गाची कामं धरून दहा तास सहज. तालुक्याहून काढली की नऊच्या आत बसते. शेपूट कापण्यामागे हा तास-सव्वा तास असतो.

वर गाड्यांचा तुटवडा. १५ वर्षांवरच्या सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली. त्याआधी करोना आणि २०२१-२२ चा संप. गाडी कमी पडली की आगार आधी काय वाचवतं? शाळेच्या फेऱ्या आणि जास्त उत्पन्नाच्या फेऱ्या. मुक्कामी गाडी पहिली जाते, कारण ती रात्रभर आगाराबाहेर असते. पहाटे चालू झाली नाही तर दुरुस्तीची गाडी ३२ किमी पाठवावी लागते, आणि तोवर मुंबईची फेरी गेलेली असते.

म्हणून मागणी अशी करा: चालक-वाहकांची एक जोडी तालुका-गाव-वस्ती-तालुका करेल, आणि पावणेसातला तालुक्याला दुसरी जोडी त्याच गाडीवर चढून मुंबईला नेईल. गाडी तीच, प्रवासी उतरत नाही, फक्त माणसं बदलतात. पहिल्या जोडीला दिवसा तालुक्यातल्या आणखी दोन-तीन फेऱ्या देता येतात.

लालडबा:
एवढं कशाला? गावातून सव्वापाचला एक साधी गाडी सोडा, साडेसहाला तालुक्याला, पावणेसातची मुंबई गाडी मिळते. जोडगाडी लवकर मंजूर होते.

घाटवळण:
मंजूर होते, टिकत नाही. जोडगाडी पंधरा मिनिटं उशिरा आली तर मुंबईची गाडी थांबेल का, हे कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. परतीला तर उलटं. मुंबईची गाडी पनवेलच्या पुढे अडकली की रात्री नऊला तालुक्याला पोचते आणि गावची शेवटची गाडी सातलाच गेलेली. तांदळाचं पोतं आणि दोन पोरं घेऊन त्या वेळी रिक्षाला पाच-सातशे रुपये मोजण्यापेक्षा लोक सरळ खाजगी गाडीने येतात. आणि मुळात सव्वापाचला गावातून सुटायचं तर ती गाडीही रात्री गावातच थांबायला हवी. मग वस्ती टळली कुठे?

आरटीओ_खिडकी:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात. थांब्याथांब्यावर माणसं घेत, सुटी तिकिटं देत गाडी चालवायला टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या सहाव्या प्रकरणाखाली अधिसूचित झालेल्या, म्हणजे एसटीसाठी राखलेल्या, मार्गांवर तो खाजगी माणसाला मिळत नाही. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचा परवाना कंत्राटी असतो: ठरलेला गट, सुरुवात ते शेवट. वाटेत माणसं भरली तर परवान्याचा भंग, आणि अपघात झाला तर विमा कंपनी वाद घालायला मोकळी. गावकऱ्यांनी गणपतीला अख्खी गाडी ठरवून करणं वेगळं, ते चालतं. रोजची सेवा त्यात बसत नाही.

खाजगी गाड्यांना भाड्याची मर्यादा आहे: २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे तशाच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपट. सणासुदीला कुणी जास्त घेत असेल तर तिकिटाच्या फोटोसह आरटीओकडे तक्रार करा.

शेवटचा_थांबा:
दोन जोड्यांची कल्पना पटली. मुक्कामाला खोली देऊ असं ग्रामपंचायत म्हणते. ठरावात नेमकं काय लिहायचं?

घाटवळण:
'सोय करू' असं लिहू नका, आहे तेच लिहा. गाडी उभी राहते तिथून शंभर पावलांत खोली, दोन खाटा, पंखा, आतून कडी, संडास-बाथरूम, रात्री पाणी. किल्ली कुणाकडे ते पदासह: शिपाई किंवा पाणीपुरवठा कर्मचारी. विजेचं बिल ग्रामपंचायतीचं. दोन चालू प्लग हवेतच, तिकीट यंत्र रात्री चार्ज झालं नाही तर पहाटे कंडक्टर कागदी तिकिटांवर येतो. दिवसाची रोकड त्याच्याजवळच असते, त्यामुळे खोली गावाबाहेरच्या समाजमंदिरात नको.

गाडी वळवायच्या जागेचा फोटो जोडा. खोदलेली गटारं, वाकलेला विजेचा खांब, रस्त्यावर आलेल्या आंब्याच्या फांद्या आधी काढून घ्या, कारण पाहणीला येणारा माणूस तेवढंच बघून जातो. रस्ता कुणाचा तेही लिहा. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. खड्ड्यांचं पत्र चुकीच्या दारात गेलं की दोन महिने गेले.

वेबिल:
ठराव ग्रामसभेचा घ्या, नुसत्या मासिक सभेचा नको. वाटेवरच्या चार-पाच गावांचेही घ्या, बारा प्रवासी एका गावाचे नसतातच. मूळ प्रत विभाग नियंत्रकांना, प्रत आगार व्यवस्थापकांना, पोच घेऊन. तीन महिन्यांसाठी प्रायोगिक फेरी मागा आणि पहिल्या दिवसापासून किती चढले-उतरले याची वही गावात ठेवा.

अर्जाची वेळही बघा. एप्रिल-मे लग्नसराई, गाड्या प्रासंगिक करारावर, म्हणजे वऱ्हाडासाठी अख्ख्या भाड्याने, जातात. मग आषाढीला पंढरपूर, मग गणपतीची गट आरक्षणं. दिवाळीची गर्दी ओसरली की नोव्हेंबरच्या शेवटी द्या, तेव्हा आगारात निदान एखादी गाडी मोकळी सापडते.