चांदी-४४ क्लस्टरचा गाभा खरोखर पोकळ आहे का, आणि त्याच्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब कसा जुळवायचा?

प्रश्न | लेखक: अणुजिज्ञासू

लिगंड-संरक्षित (म्हणजे पृष्ठभागाला बांधलेल्या रेणूंनी जपलेल्या) चांदीच्या नॅनोक्लस्टरांची (मोजक्या अणूंच्या पुंजांची) रचना समजून घेताना मी दोन ठिकाणी अडलो आहे. चांदीचे ४४ अणू आणि ३० थायोलेट लिगंड (गंधकाने धातूला जोडलेले) असलेल्या चांदी-४४ क्लस्टरची स्फटिकरचना २०१३ साली दोन स्वतंत्र गटांनी प्रसिद्ध केली. तिच्या वर्णनात सर्वांत आत १२ अणूंचे विंशतिफलक (२० त्रिकोणी पृष्ठांची घनाकृती) असून त्याच्या केंद्रस्थानी अणू नाही, असे म्हटले आहे. याउलट २०१५ साली उलगडलेल्या चांदी-२५ या क्लस्टरमध्ये (१८ थायोलेट) विंशतिफलकाच्या केंद्रस्थानी अणू आहे. केंद्र रिकामे असेल तर ती पोकळी मिटून का जात नाही, आणि तेथे अणू नाही हे खात्रीने कसे सांगता येते?

दुसरी शंका हिशेबाची आहे. चांदीचा प्रत्येक अणू एक संयुजा इलेक्ट्रॉन देतो आणि प्रत्येक थायोलेट एक इलेक्ट्रॉन बंधात अडकवून ठेवतो, असे धरले तर ४४ मधून ३० वजा जाता १४ उरतात. संपूर्ण क्लस्टरला एक मोठा अणू मानणाऱ्या सुपरॲटम प्रतिमानातील २, ८, १८, ३४, ५८ या स्थिर संख्यांमध्ये १४ नाही. चांदी-२५ बाबत ७ उरतात, म्हणजे तेथेही गणित चुकते. आजवर मी या क्लस्टरचे चित्र धातूचा एक गोळा आणि त्याच्या पृष्ठभागावर उभे राहिलेले गंधकाचे केस असेच काढत आलो आहे. मुळात ते चित्रच चुकीचे आहे का?

उत्तर १ | लेखक: कवच-गाभा

दुसरी शंका आधी घेतो, कारण ती एका वाक्यात सुटते: आपण क्लस्टरचा विद्युतभार धरलेला नाही. चांदी-४४ हा −४ भाराचा आयन आहे, म्हणून ४४ − ३० + ४ = १८; चांदी-२५ हा −१ भाराचा आहे, म्हणून २५ − १८ + १ = ८. दोन्ही संख्या आपल्या यादीत आहेत. स्फटिकात या ऋण आयनांच्या शेजारी धन आयन असतातच, परंतु संक्षिप्त नाव लिहिताना त्यांना आणि भारालाही वगळण्याची सवय पडली आहे, आणि नवीन वाचकाची फसगत बहुतेक वेळा तेथेच होते.

आता रचनेकडे वळू. केस उभे राहिलेल्या गोळ्याचे चित्र सोडून देणे इष्ट, कारण बाहेरचे कवच केवळ सेंद्रिय नसते. त्यातही धातू असतो. चांदी-४४ मधील अणूंची विभागणी १२ + २० + १२ अशी आहे. सर्वांत आत १२ अणूंचे विंशतिफलक आहे आणि त्याभोवती २० अणूंचे द्वादशफलक आहे. विंशतिफलकाला १२ शिरोबिंदू आणि २० त्रिकोणी पृष्ठे असतात, तर द्वादशफलकाला २० शिरोबिंदू आणि १२ पंचकोनी पृष्ठे असतात. म्हणजेच आतील प्रत्येक त्रिकोणाच्या खळग्यावर बाहेरील एक अणू नेमका बसतो आणि एकही त्रिकोण उघडा राहत नाही. अशा रीतीने तयार झालेल्या ३२ अणूंच्या गाभ्यावर सहा घटक बसवलेले असतात, आणि त्या प्रत्येकात चांदीचे २ अणू व गंधकाचे ५ अणू असतात. सहा गुणिले दोन म्हणजे उरलेले १२ चांदी अणू, आणि सहा गुणिले पाच म्हणजे ३० गंधक. सूत्र पूर्ण होते. हे सहा घटक अष्टफलकाच्या सहा टोकांप्रमाणे मांडलेले आहेत. पंचकोनांनी बनलेल्या गाभ्यावर ही चौकोनी शिस्त कोठून आली, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु द्वादशफलकाच्या २० शिरोबिंदूंपैकी ८ शिरोबिंदू एका घनाचे कोपरे असतात आणि घनाला पृष्ठे सहाच असतात, हे लक्षात घेतले की त्यातील विसंगती नाहीशी होते.

या पार्श्वभूमीवर चांदी-२५ पाहावा. तेथे केंद्रस्थ अणू धरून १३ अणूंचे विंशतिफलक आहे आणि त्याला ‘स्टेपल’ म्हणतात असे सहा घटक वेढतात. प्रत्येक स्टेपल गंधक-चांदी-गंधक-चांदी-गंधक अशा क्रमाचा असतो. त्यामुळे कवचात चांदीचे १२ अणू येतात आणि विंशतिफलकाच्या २० त्रिकोणांपैकी १२ त्रिकोणांवरच अणू बसतो, ८ उघडे राहतात. सोने-२५ या क्लस्टरचा सांगाडाही असाच आहे, आणि तो २००८ पासून ठाऊक आहे. दोन धातूंमध्ये इतके नेमके साम्य क्वचितच आढळते, म्हणूनच चांदी-२५ ची इतकी चर्चा झाली.

पोकळीविषयी सांगायचे तर ‘पोकळ’ हा शब्द थोडा दिशाभूल करणारा आहे. धातुरूप चांदीत शेजारच्या अणूंमधील अंतर २.८९ अँगस्ट्रॉम असते. विंशतिफलकाची कड तेवढी धरली, तर केंद्रापासून शिरोबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे २.७५ अँगस्ट्रॉम येते, म्हणजे कडेपेक्षा सुमारे ५% कमी. एवढ्या जागेत चांदीचा एक अणू बसलाच तर दाटीवाटीनेच बसेल. तेव्हा येथे मोठी गुहा नाही, एका अणूची जागा मोकळी आहे इतकेच. आतील बारा अणू एकमेकांशी तर बांधलेले आहेतच, शिवाय प्रत्येक त्रिकोण बाहेरील अणूने जखडलेला आहे, म्हणून केंद्रस्थ आधाराची गरज उरत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की ही जागा अणुकेंद्रापुरतीच रिकामी आहे. गाभ्यातील १८ विस्थानित (कोणत्याही एका अणूशी न बांधलेले) इलेक्ट्रॉन संपूर्ण गाभ्यावर पसरलेले असतात.

उत्तर २ | लेखक: वर्णपटी

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. केंद्रात अणू नाही हे कसे कळते, याबद्दल भर घालतो. चांदीच्या अणूत ४७ इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे केंद्रस्थानी अणू असता तर क्ष-किरण विवर्तनातून मिळणाऱ्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात तो लपून राहिला नसता. दुसरा, पूर्णपणे वेगळा पुरावा वस्तुमान वर्णपटाचा आहे. ४४ ऐवजी ४५ चांदी असती तर वस्तुमान सुमारे १०८ एककांनी वाढले असते, आणि −४ भारामुळे वर्णपटातील स्थान सुमारे २७ एककांनी सरकले असते. एवढा फरक सहज दिसतो. चांदीचे १०७ आणि १०९ हे दोन समस्थानिक जवळजवळ निम्मेनिम्मे असल्यामुळे एकाच क्लस्टरची शिखरे एका रुंद पुंजक्यात पसरतात. सोन्याला १९७ हा एकच स्थिर समस्थानिक असल्याने तेथे हा पसारा नसतो. मात्र याच पुंजक्याचा आकार आणि त्यातील शिखरांमधील अंतर यांवरून चांदीच्या अणूंची संख्या आणि भार या दोन्हींची पडताळणी होते, त्यामुळे त्याबद्दल फार तक्रार करू नये.

हिशेबाबाबत एक सावधगिरी सुचवतो. प्रत्येक लिगंडसाठी एक वजा करायचा, हा नियम सर्व लिगंडांना लागू नाही. चांदी-२९ या क्लस्टरमध्ये १२ बेन्झीन-डायथायोलेट आणि ४ ट्रायफिनाइलफॉस्फीन आहेत व भार −३ आहे. येथे प्रत्येक डायथायोलेटसाठी दोन वजा करावे लागतात, तर उदासीन फॉस्फीनसाठी काहीच नाही: २९ − २४ + ३ = ८. चांदी-२५ आणि चांदी-२९ या दोन्हींचे उत्तर ८ येते आणि दोन्हींच्या आत १३ अणूंचे विंशतिफलकच असते, पण कवचे अगदी निराळी आहेत. कवच कसे असेल, हे या बेरीज-वजाबाकीतून कळत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद | लेखक: अणुजिज्ञासू

दोघांचेही मनापासून आभार. भार विसरण्याची चूक आता पुन्हा होणार नाही. एक उपप्रश्न विचारतो: चांदी-४४ च्या सांगाड्यात काही अणू सोन्याचे असतील, तर ते कोठे बसतात? सोने गंधकाला घट्ट धरते, त्यामुळे ते कवचात जाईल असा माझा अंदाज आहे.

उत्तर ३ | लेखक: कवच-गाभा

अंदाज तर्काला धरून आहे, पण प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. १२ सोने आणि ३२ चांदी असलेला असा क्लस्टर २०१३ सालीच ठाऊक झाला, आणि त्यात सोन्याचे बाराही अणू सर्वांत आतील विंशतिफलकात आहेत. याची दोन कारणे देता येतात. एक म्हणजे चांदी अधिक सहज इलेक्ट्रॉन देते, म्हणून गंधकाकडे इलेक्ट्रॉन ओढला जाणाऱ्या बाहेरील जागा तिला मानवतात. दुसरे म्हणजे कवचातील त्या सहा घटकांमध्ये चांदीचा प्रत्येक अणू तीन गंधकांशी जोडलेला असतो. एक गंधक दोन्ही अणूंना सामाईक असतो, आणि म्हणूनच २ चांदीमागे ५ गंधक येतात. एकसंयुजी सोन्याला दोन गंधकांमधली सरळ रेषेतील जागा पसंत असते, तिघांच्या मधली नव्हे. चांदी-२५ मध्ये सोन्याचा एकच अणू घातला तर तोही केंद्रस्थानी जातो. तेथेच पॅलेडियम किंवा प्लॅटिनम बसवल्यास भार −२ होतो; त्या धातूचे योगदान शून्य धरून २४ − १८ + २ करून पाहा, पुन्हा ८ मिळतात.

उत्तर ४ | लेखक: विवर्तन

थोडा उशिराच लिहितो आहे. वर ज्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशावर विश्वास ठेवला आहे, त्याची एक मर्यादा नोंदवणे आवश्यक वाटते. केंद्रस्थानी चांदी नाही हे क्ष-किरण ठामपणे सांगतात, पण जड धातूंच्या गर्दीत हायड्रोजन आहे की नाही हे ते सहसा सांगू शकत नाहीत, कारण त्याच्याजवळ एकच इलेक्ट्रॉन असतो. चांदीचे पुष्कळ क्लस्टर सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करून तयार केले जातात, त्यामुळे हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) आत शिरण्याची शक्यता खरी असते, आणि तो नजरेतून सुटला तर भाराचा व इलेक्ट्रॉनांचा हिशेबही बिघडतो. म्हणून एखाद्या नव्या क्लस्टरची गणना यादीतील संख्येशी जुळत नसेल, तर प्रतिमान चुकीचे ठरवण्यापूर्वी तेच संश्लेषण ड्यूटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेल्या) क्षपणकाने पुन्हा करावे आणि वस्तुमान किती सरकते ते पाहावे. प्रत्येक हायड्राइडमागे ते सुमारे एका एककाने वाढते. स्फटिक पुरेसा मोठा मिळाला तर न्यूट्रॉन विवर्तनाने हायड्राइडची जागाही निश्चित करता येते.