ऑनलाइन गेमचं अख्खं जग एकच हवं, की तुकडे पाडलेलेच बरे?

जुनाखेळाडू: हजारो खेळाडूंना एकाच जगात कोंबायचा हट्ट मला पटत नाही. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या गेमनेच जगाचे शार्ड, म्हणजे वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या प्रती, पाडले होते, तेही कथेत स्फटिक फुटल्याचं सांगून. 'सर्व्हर वाढवा की झालं' म्हणणाऱ्यांनी जरा गणित मांडावं. एका चौकात १०० जण एकमेकांना दिसत असतील, तर दर टिकला, म्हणजे सर्व्हरच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला, साधारण १०,००० अपडेट. १,००० जण जमले की १० लाख! माणसं दहापट, काम शंभरपट. नकाशाचे चौकोन वेगवेगळ्या सर्व्हरना वाटून दिले तरी गर्दी एकाच चौकोनात लोटते आणि बाकीची मशिनं माशा मारत बसतात.

टिकरेट_६४: सगळ्यांना सगळे सारखेच दिसतात हे कोणी ठरवलं? जवळच्याची हालचाल दर टिकला पाठवा, लांबच्याची सेकंदातून एकदा, भिंतीआडच्याची पाठवूच नका. मधल्या वेळात क्लायंट, म्हणजे खेळाडूच्या मशिनवरचा गेम, शेवटच्या वेग-दिशेवरून अंदाज बांधतो. इंटरेस्ट मॅनेजमेंट म्हणतात ते हेच. आणि ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेमचं काय? चीनचा सर्व्हर सोडला तर सगळे एकाच विश्वात. फार गर्दी झाली की गेमचं घड्याळच १०% वेगापर्यंत मंद करतात.

जुनाखेळाडू: म्हणजे १० सेकंदांचं काम १०० सेकंदांत. ईव्हमधलीच जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी या तारामंडळातली लढाई २१ तासांच्या आसपास चालली होती. अवाढव्य अंतराळयानांना ते शोभतं. नेमबाजीच्या गेममध्ये करून बघा, पाच मिनिटांत मैदान रिकामं.

पॅकेटवाला: सर्व्हरच कशाला? भार खेळाडूंच्या मशिनांवर टाका. १९९७ मध्ये एज ऑफ एम्पायर्सने फक्त खेळाडूंच्या आज्ञा पाठवून मॉडेमवर शेकडो सैनिक लढवले.

टिकरेट_६४: खेळाडू आठच होते हो! या पद्धतीत, म्हणजे लॉकस्टेपमध्ये, सगळी मशिनं एकेक पाऊल बरोबरच टाकतात, त्यामुळे सगळ्यात मंद कनेक्शनवाल्यासाठी बाकीचे खोळंबतात. शिवाय अख्ख्या खेळाची स्थिती प्रत्येकाच्या मशिनवर, म्हणजे मॅपहॅकवाल्यांना, लपलेला नकाशा उघडा करून फसवणाऱ्यांना, रान मोकळं.

जुनाखेळाडू: इथे मात्र तुमच्या बाजूने. पण दोन सर्व्हरांच्या चौकोनांमधल्या सीमेचं काय? मी या सर्व्हरवर उभा, लक्ष्य पलीकडच्या सर्व्हरवर. बाण लागला की नाही, कोण ठरवणार? सीमा ओलांडताना एका तलवारीच्या दोन होतात, तसले बग शोधत मी रात्री जागवल्यात.

टिकरेट_६४: प्रत्येक वस्तूचा मालक सर्व्हर कुठल्याही क्षणी एकच ठेवा आणि हस्तांतर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे झालं तर पूर्ण नाहीतर मुळीच नाही, तलवार दुप्पट होणार नाही. बाणाचा निकाल लक्ष्याच्या सर्व्हरने द्यावा. तुम्हाला पलीकडचा दिसतो ती नुसती प्रत असते, एखाद-दोन टिक जुनी. तेवढ्यात तो वाकला तर बाण वाया, हे मात्र मान्य.