नवं गाणं सापडतं कुठं? (घरच्या ग्रुपवरून)

ताई: काल रात्री एक रिमिक्स ऐकला, डोक्यातून जाईना. मूळ गाणं शोधून काढलं तर ते अगदी संथ, नुसत्या गिटारवरचं. रिमिक्सवाल्याने त्यातली एकच ओळ ठेवलीय, बाकी सगळं नवं. असं आणखी हवंय, पण अ‍ॅप तेच तेच पुढे करतंय.

दादा: रिमिक्स कोणाचा?

ताई: ते नाही पाहिलं.

दादा: आधी ते बघ. गाण्याच्या नावापुढे कंसात असतं. मूळ गायिकेच्या मागे लागलीस तर तुला आणखी गिटारच मिळेल. तुला आवडलंय ते दुसऱ्याच माणसाचं काम.

छोटी: मला तर दर सोमवारी ३० गाणी आपोआप येतात. चार-पाच तरी आवडतात.

दादा: स्पॉटिफायचं डिस्कव्हर वीकली, मीही ऐकतो. पण त्याचा मुख्य आधार म्हणजे तुझ्यासारखी आवड असलेल्यांनी केलेल्या याद्या. ज्या गाण्याला अजून कोणी यादीत घेतलेलंच नाही, ते तिथून तुझ्यापर्यंत कसं येणार? ते आपणच जाऊन आणावं लागतं.

आत्या: रिमिक्स म्हणजे चांगल्या गाण्याखाली धडाधड ढोल घालायचे, एवढंच मला माहीत. त्यात शोधण्यासारखं काय असतं रे?

दादा: आत्या, ढोल घालण्यापासून नाही, काढून टाकण्यापासून याची सुरुवात झाली. १९६०च्या दशकाच्या शेवटी जमैकात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं बिनशब्दांचं रूप द्यायला लागले. किंग टबी नावाचे एक ध्वनितंत्रज्ञ होते, मूळचे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे. त्यांनी मिक्सिंगचं यंत्रच वाद्यासारखं वाजवलं. गाणाऱ्याचा आवाज मध्येच बंद करायचा, फक्त बेस आणि ड्रम चालू ठेवायचे, मग अर्धाच शब्द सोडून त्याला प्रतिध्वनी द्यायचा. त्याला डब म्हणतात. आजच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कितीतरी शाखा त्या खोडातून फुटल्या आहेत. चांगला रिमिक्स म्हणजे दुसऱ्याचं गाणं नीट ऐकून त्यात काय दडलंय ते बाहेर काढणं. मला तरी ही स्वतंत्र कलाच वाटते.

आत्या: मग एक पाठव. ऐकून सांगते.

काका: मिक्सटेपचा विषय निघाला नाही अजून! आम्ही आवडीची गाणी निवडून ९० मिनिटांच्या कॅसेटवर भरायचो, एका बाजूला ४५. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीवर काही उमटत नाही, म्हणून ती पेन्सिलीने फिरवून पुढे घ्यायची, नाहीतर पहिल्या गाण्याचं तोंड कापलं जायचं. बाजू संपताना गाणं अर्धवट तुटू नये म्हणून मिनिटांची बेरीज वहीत. आणि झालं की वरची प्लॅस्टिकची खिटी मोडायची, म्हणजे चुकून कोणी त्यावर भरणार नाही. कोणत्या गाण्यानंतर कोणतं, यावर मी तास तास घालवलेत.

छोटी: काका, पण आता रॅपवाले मिक्सटेप म्हणतात ते तर सगळं त्यांचंच असतं. मग अल्बम का नाही म्हणत?

दादा: हिपहॉपमध्ये मिक्सटेप म्हणजे कंपनीच्या परवानगीची वाट न बघता काढलेलं काम, बहुतेकदा फुकट वाटलेलं. दुसऱ्याच्या ठेक्यावर आपले शब्द, कच्चे प्रयोग, सगळं चालतं. चान्स द रॅपरची २०१६ची मिक्सटेप विकलीच गेली नव्हती, फक्त स्ट्रीमिंगवर होती, तरी २०१७मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. म्हणून म्हणतो, ‘हा काही खरा अल्बम नाही’ असं समजून मिक्सटेप बाजूला टाकू नका.

काका: माझी एक आवडती मिक्सटेप अ‍ॅपवर आहे, पण त्यातली तीन गाणी गायब. आणि नेमकी चांगली तीन!

दादा: दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा, म्हणजे सॅम्पल, वापरलं असेल तर त्याच्या हक्कदाराची परवानगी घ्यावी लागते. फुकट वाटताना अनेकांनी ते केलेलं नसतं. मग अ‍ॅपवर आणताना ती गाणी वगळतात. काका, मूळची फाइल कुठे मिळाली तर जपून ठेवा. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मिक्सटेपचा मोठा साठा आहे, आधी तिथे बघा.

ताई: ऐका! रिमिक्सवाल्याचं नाव मिळालं. बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकार स्वतः गाणी विकतात त्या साइटवर, त्याचं पान आहे, चार ईपी (छोटे अल्बम) आणि एक अल्बम.

दादा: आता घाई करू नकोस. अल्बमच्या चित्राखाली छोटे छोटे फोटो दिसतात का?

ताई: हो, दहा-बारा.

दादा: ते विकत घेणारे लोक. एकावर दाब, त्याचा सगळा संग्रह उघडेल. कोणीतरी पैसे देऊन घेतलेलं म्हणजे खरंच आवडलेलं. त्याशिवाय गाण्यांच्या यादीखाली कोणी वाजवलं, मास्टरिंग (आवाजाचा शेवटचा हात) कोणाचं, लेबल (गाणी काढणारी कंपनी) कोणतं ते वाच. छोट्या लेबलची निवड सहसा एक-दोन माणसंच करतात, त्यांची आवड आपल्याशी जुळली की वर्षभराची सोय होते. मला अर्ध्याहून जास्त गाणी अशीच मिळाली आहेत.

छोटी: आणि साउंडक्लाउडवर, कलाकार स्वतः गाणी चढवतात त्या साइटवर, कलाकाराने स्वतः लाइक केलेलं दिसतं ना? मी तेच बघते.

दादा: शाब्बास. डीजेच्या मिक्सखाली गाण्यांची यादी दिलेली असेल तर तीही सोडू नकोस.

ताई: एका फोटोतून निघाले ती कुठच्या कुठे पोचले! बासरी आणि मॉड्युलर सिंथ (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य), ४० मिनिटांचं एकच गाणं. त्या संग्रहात माझ्या रिमिक्सवाल्याच्या शेजारी होतं. घेऊन टाकलं.

दादा: बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के ठेवतं. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ जाहीर झाला की त्या दिवशी आपला वाटाही सोडतं, २०२० पासून. पुढची खरेदी तेव्हा केलीस तर कलाकाराच्या हातात जास्त पडेल.

आत्या: तू पाठवलेलं डब ऐकलं. फोनवर काहीच कळेना, म्हणून हेडफोन लावले. गाणाऱ्याचा आवाज गेला तेव्हा मला वाटलं बंद पडलं. खालचा तो जाड स्वर तेवढा चालू. मग शेवटचा एकच शब्द लांबून परत परत आला आणि विरला. पुन्हा लावलंय.

काका: मलाही पाठव रे तेच.