गोवा ते लिस्बन नेमके किती तास? आई एकटी जातेय

साखळीकर:
नमस्कार मंडळी. ताई लिस्बनला असते, जानेवारीत तिची डिलिव्हरी आहे म्हणून आई चाललीय, वय 67, पहिलाच विमानप्रवास आणि तोही एकटीनं. नेटवर अंतर बघितलं तर साधारण 8,300 किमी, विमान ताशी 900 नं धरलं तर सव्वानऊ तास. एजंटनं गोव्याच्या मोपा विमानतळाहून दोहामार्गे तिकीट दाखवलं, पहाटे 4.15 ला सुटतं आणि त्याच दिवशी दुपारी 1.35 ला पोचतं, म्हणजे 9 तास 20 मिनिटं. हिशोब जुळला, पण मग दोहाचा थांबा गेला कुठं? आईला शुगर आहे, जेवण-गोळ्यांचं ठरवायचंय.

फोंड्याची लेक:
दादा, आकडा जुळला तो निव्वळ योगायोग. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. जानेवारीत लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे तिथं 1.35 वाजतात तेव्हा इथं गोव्यात संध्याकाळचे 7.05. एकूण 14 तास 50 मिनिटं झाले. दोहापर्यंत चारेक तास, तिथं अडीचेक तास थांबा, पुढं आठ तासांच्या वर. आणि विमानतळावर तीन तास आधी म्हणजे घरातून मध्यरात्रीच निघणार ना, ते पण धरा. डॉक्टरांना "दुपारी दीडला पोचते" असं अजिबात सांगू नका, घर सोडल्यापासून किती तास ते सांगा आणि डोस त्यांनाच लिहून द्यायला लावा. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही मनगटावरचं घड्याळ गोव्याच्याच टायमावर ठेवलं होतं, मोबाईल आपोआप बदलतो आणि मग माणूस गोंधळतो. गोळ्या हँडबॅगेतच, चिठ्ठीसकट.

डिचोलीचे काका:
दोहा वाटेतच पडतं हो, गोवा-दोहा 2,550 आणि पुढं 5,800, म्हणजे वळसा जेमतेम पन्नासेक किमीचा. वेळ जातो तो थांब्यात. शिवाय पश्चिमेला जाताना वारा समोरून, येताना पाठीमागून, त्यामुळे परतीला थोडं लवकर होतं. आमच्या लहानपणी पोर्तुगीज अमलात 'टायप' (TAIP) कंपनीची विमानं गोव्याच्या दाबोळी विमानतळाहून कराचीमार्गे लिस्बनला जायची, 1961 च्या डिसेंबरात ते बंद पडलं.

वाळपईची पोर:
तिकीट एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) आहे ना ते आधी बघा!! मी गेल्या खेपेला दोनशे-चारशे वाचवायला मुंबईपर्यंतचं वेगळं काढलं, गोव्याचं विमान लेट झालं आणि पुढचं सुटलं, दोन्हीकडचे म्हणे आमची जबाबदारी नाही, रात्रभर बॅगा धरून बसले. एकाच तिकिटात बॅग थेट लिस्बनला जाते आणि चुकलं तर पुढचं विमान कंपनीच देते. व्हीलचेअर बुकिंगवेळीच सांगा, चालता येत असलं तरी सांगा, कारण दोहात गेट शोधून द्यायला माणूस सोबत असतो. आणि दुधाचे पेढे देऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

साखळीकर:
खूप उपकार झाले. पेढे डब्यात भरूनही झाले होते, काढले, आता सोलांच (आमसुलं) जाणार. आई एप्रिलात परतणार, तेव्हाही साडेपाचच धरायचे का?

फोंड्याची लेक:
नाही, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळ तासभर पुढं करतात. एप्रिलात साडेचार.