वजन तेच, शिक्का वेगळा: बीएमआय कितपत मनावर घ्यायचा?

रेघोटी:
मंडळी, एक शंका आहे. थोडी रागातून आलेली, सांभाळून घ्या.

वय ४६, उंची १६२ सेंमी, वजन ७१ किलो. गेल्या वर्षीच्या तपासणीत बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २७.१ आणि पुढे 'ओव्हरवेट'. यंदा दुसऱ्या लॅबमध्ये केली. वजन तेच, आकडाही तोच २७.१, पण पुढे 'ओबीस', तेही लाल अक्षरांत. म्हणजे काहीही न करता मला बढती मिळाली!

तीन वर्षं झाली, आठवड्यातून चार दिवस वजनं उचलते. ६० किलोचा डेडलिफ्ट आरामात होतो. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, सगळं जागेवर. नवरा १७२ सेंमी, ६७ किलो, बीएमआय २२.६, 'नॉर्मल'. हातापायाच्या काड्या आणि मध्ये पोट. त्याचं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.१, म्हणजे वाढलेलं आलंय, पण त्या पानावर बोट ठेवलं की तो पान उलटतो आणि २२.६ दाखवतो. आमच्यात कोणाचा रिपोर्ट खरा मानायचा?

उंटावरचा_शहाणा:
दोन्ही खरे. फक्त नवरोबांनी पान उलटायचं थांबवावं.

सरासरी_माणूस:
ताई, आधी शिक्क्याचं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मापात २५च्या पुढे जास्त वजन आणि ३०पासून लठ्ठपणा. पण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार कमी बीएमआयलाच गाठतात, म्हणून आपल्यासाठी बरेच डॉक्टर २३ आणि २५ धरतात. तुमच्या पहिल्या लॅबने एक तक्ता लावला, दुसरीने दुसरा. तुम्ही होतात तिथेच आहात, कुंपण सरकलं. अमेरिकेत १९९८मध्ये पुरुषांची हद्द २७.८वरून २५वर आणली, तेव्हा असेच कोट्यवधी लोक झोपेतून उठले ते जाड होऊन.

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे या सूत्राच्या जन्मकथेवर माझा विशेष जीव आहे. ॲडॉल्फ केटले हा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ. 'सरासरी माणूस' कसा असतो या ध्यासापायी त्याने माणसं मोजली, आणि १८३०च्या दशकात त्याला दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. चरबी, आजार वगैरे त्याच्या गावीही नव्हते. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव आलं थेट १९७२मध्ये. ॲन्सेल कीज या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी हजारो पुरुषांवर (हो, फक्त पुरुषांवर) तेव्हाची सूत्रं ताडून पाहिली, त्यात हे त्यातल्या त्यात बरं ठरलं. गर्दीसाठी बेतलेलं माप आपण एकेकट्या माणसाला घालतो, मग ते कुठे काचतं, कुठे ढगळ होतं.

तुमच्या घरचीच गोष्ट २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती म्हणा ना. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दोघांचा फोटोही आहे, शेजारी शेजारी उभे.

टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. पँटच्या पट्ट्याशी नाही! पुरुषांचा पट्टा वर्षागणिक पोटाखाली घसरत जातो आणि ते सांगत राहतात की माझा नंबर तोच आहे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा.

रात्रपाळी:
नर्स आहे, २२ वर्षं झाली. वरचं सगळं मान्य, पण बीएमआयला एवढं झोडपू नका. वजनकाटा आणि उंचीची पट्टी, अर्ध्या मिनिटात काम होतं. बीएमआय १६ दिसला की मी बाकी काही न बघता डॉक्टरांना हाक मारते. आणि ३४वाले 'माझे स्नायू आहेत' म्हणतात ना, त्यातले खरे स्नायूवाले मी बोटांवर मोजलेत. रेघोटीताई त्यातल्या असतीलही, रागावू नका.

मला तो फसवतो तो म्हाताऱ्या माणसांत. माझ्या आईचा बीएमआय दहा वर्षं २४च्या आसपास. आम्ही खूश. एक दिवस बघितलं, ती खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा देत होती, तरी तिसऱ्या खेपेला उठली. मांडी हातात धरली तर मऊ, पिशवीसारखी. स्नायू गेले होते, त्यांच्या जागी चरबी आली होती, काट्याला पत्ताच नाही. आता मी पेशंटला वजन विचारायच्या आधी हात न टेकता उठायला सांगते.

रेघोटी:
सगळ्यांचे आभार. काल रात्री टेप काढला. मी ७९ सेंमी, उंचीचे निम्मे ८१, म्हणजे काठावर पास. रात्रपाळीताई, रागावले नाही, पण दोन सेंमीचा माज करण्यात अर्थ नाही हे कळलं.

नवरा आधी म्हणाला, "माझी पँट दहा वर्षं ३४चीच आहे." सरासरी_माणूस, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? मग पोट आत ओढून उभा राहिला. मी टेप धरून बोलत बसले, बोलता बोलता त्याने श्वास सोडला. ९६. निम्मे होतात ८६.

डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे. दोन्ही पानं बरोबर नेतोय.