मदत हवी आहे: त्रिपुरी पौर्णिमेला वाचायला कविता

मंडळी, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत त्रिपुरी पौर्णिमेला गच्चीवर पणत्या लावतात. यंदा सोबत कवितावाचन ठेवलंय आणि निवडीचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

कंदील उतरले, सहाच्या सुमारास अंधारायला लागतं. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना ती वेळ खायला उठते. म्हणून उबेच्या, उजेडाच्या कविता हव्यात. शरद सरून हेमंत लागतानाच्या असतील तर उत्तमच. पानगळीच्या नकोत. रडगाणं ऐकायला गुडघे धरून चार जिने कोण चढणार?

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातली ओवी नक्की आहे: विवेकदीप उजळला की योग्यांना निरंतर दिवाळी. पण तिच्यामागून काय वाचावं? मर्ढेकरांची मुंबईच्या बंदरावरची 'न्हालेल्या जणू' माझी फार लाडकी, पण ती पडली माघातली सकाळ. कार्तिकात चालेल, की जाणकार नाक मुरडतील? बहिणाबाई, इंदिरा संत यांचं काही सुचतंय का? दोन मिनिटांत वाचून होईल असं सांगा. आणि शब्द सोपे हवेत, दोन-तीन कविता शाळकरी पोरं वाचणार आहेत.